पूल मोजा, किलोमीटर नको

«ताई, ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला जातोय. तिथून दोन रात्रींसाठी व्हेनिसला जायचं ठरतंय. माझं वय ५८, ह्यांचं ६४. मला चालायची आवड आहे, रोज गंगापूर रोडला पाच किलोमीटर चालते. ह्यांच्या उजव्या गुडघ्याची झीज झालीय. चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र दुखतो. तरी ह्यांनी सतरा ठिकाणांची यादी केलीय. मुलगा म्हणतो, चालण्याच्या भानगडीत पडू नका, बोटीचा पास काढा, आणि राहा बाहेर मेस्त्रेला, स्वस्त पडतं. मला वाटतं, जिथे एकही गाडी नाही अशा गावात जाऊन चालायचं नाही तर काय करायचं? शिवाय हे पक्के शाकाहारी, मी मासे खाते. आणि हसू नका, पण साडी नेसून तिथले पूल चढता येतील का? – एक वाचक, नाशिक»

ताई, हसले नाही. साडीचं शेवटी सांगते, आधी गुडघ्याचं बघू, कारण सगळा बेत त्याच्यावर बसवायचा आहे.

व्हेनिस सपाट आहे. टेकडी नाही, चढ नाही, आणि गाव इवलंसं. स्टेशनपासून सान मार्कोच्या चौकापर्यंत नकाशावर दोन-अडीच किलोमीटर दिसतील. तुम्ही म्हणाल, हे तर माझं अर्ध्या तासाचं काम. पण हे गाव शंभराहून जास्त बेटांचं मिळून झालंय आणि ती बेटं चारशेच्या वर पुलांनी एकमेकांना शिवलेली आहेत. खालून होडी जायला हवी म्हणून पूल कमानीचा, आणि कमानीचा म्हणून पायऱ्यांचा. दहा-पंधरा पायऱ्या चढा, तितक्याच उतरा, पन्नास पावलं चाला की पुढचा पूल हजर. चढताना यजमान गप्पा मारतील, उतरताना गप्प होतील. त्यामुळे तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. सकाळी निघतानाच दिवसाला किती पूल झेपतील ते त्यांना विचारून घ्या. बारा म्हणाले तर बारा. उतरताना कठडा त्यांच्या बाजूला येईल असं चाला, आणि एक घडीची काठी बॅगेत टाकाच. नको म्हणतील. तरी टाका.

चिरंजीवांचं म्हणणं त्यामुळे निम्मं बरोबर आहे. बोट हवीच, पण ती परत येण्यासाठी. जाताना चालत जायचं, रमतगमत, आणि गुडघा कुरकुरला की जवळचा धक्का गाठायचा. तिथे पाण्यावरच्या बसला व्हापोरेत्तो म्हणतात. आपल्याकडच्या लाँचची थोरली बहीण समजा. पंचाहत्तर मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरो आणि चोवीस तासांचा पास पंचवीस युरो, हे सध्याचे दर. दिवसातून तीनदा बसलात की पास वसूल. फक्त चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट लावायला विसरू नका, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड भराल.

मेस्त्रेचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. मेस्त्रे म्हणजे खाडीपलीकडचं, साध्या जमिनीवरचं उपनगर. गाडीने दहा मिनिटं, खोली स्वस्त, लिफ्ट मिळण्याची शक्यता जास्त, सगळं खरं. पण व्हेनिसच्या जुन्या गावात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहायची, आज ती पन्नास हजारांच्याही खाली आली आहेत. दिवसा जी झुंबड दिसते ती बाहेरून आलेल्यांची. संध्याकाळी ती पांगते आणि मग गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. तो तास मेस्त्रेत राहणाऱ्यांच्या वाट्याला फारसा येत नाही. दोन्ही रात्री गावात काढा. परवडत नसेल तर एक तरी.

खोली घ्याल ती स्टेशनच्या बाजूच्या कान्नारेज्यो वस्तीत, आणि दोन गोष्टी आधी विचारून: लिफ्ट आहे का, आणि स्टेशनपासून किती पूल लागतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हॉटेलवाल्याने ‘स्टेशनपासून बारा मिनिटं’ असं कळवलं होतं. बारा मिनिटंच होती, पण रिकाम्या हाताने. तेवीस किलोची चाकांची बॅग घेऊन सात पूल चढले-उतरले, त्यात एक चाक तिथेच पाण्यात गेलं. मोठ्या बॅगा मुलाकडे जर्मनीतच ठेवा, पाठीवर मावेल तेवढंच न्या.

आता यादी. सतरा ठिकाणांची यादी करणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, त्याला काम द्यावं. यादीतली तीन ठिकाणं त्यांनी निवडावी, मधला रस्ता तुम्ही. मी पहिला दिवस असा काढीन:

स्टेशनमधून बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉल येतो आणि माणूस जागीच थांबतो. थांबा, बघून घ्या. समोरच्या मोठ्या पुलाकडे गर्दी निघालेली असेल, तिच्यामागे जाऊ नका. डावीकडे वळा. हा रस्ता गावातला त्यातल्या त्यात रुंद आणि कमी पुलांचा. पुढे त्याला स्त्राडा नोव्हा म्हणतात, म्हणजे नवा रस्ता. नवा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला, घरं पाडून काढलेला. वाटेत काही पाट्यांवर ‘रिओ तेरा’ असं लिहिलेलं दिसेल. रिओ म्हणजे छोटा कालवा आणि रिओ तेरा म्हणजे बुजवलेला कालवा. तुमच्या पायाखाली एकेकाळी होड्या चालत होत्या. यजमानांना सांगा, जितके रिओ तेरा तितके पूल वाचले.

चार टोकदार दगडी सुळके असलेला गुल्ये पूल उतरलात की डावीकडे कालव्याच्या काठाने वळा. थोड्याच अंतरावर घराखालून जाणारा एक ठेंगणा बोळ लागेल, आपल्या जुन्या वाड्याच्या दिंडीची आठवण करून देणारा. तो तुम्हाला गेट्टोत नेतो. जगभर वापरला जाणारा हा शब्द इथलाच. इथे आधी धातूच्या ओतशाळा होत्या, त्यांना ‘जेत्तो’ म्हणत. १५१६ मध्ये व्हेनिसच्या सरकारने ज्यूंनी याच बेटावर राहायचं असा हुकूम काढला. रात्री दरवाजे बंद, बाहेर पहारा. माणसं वाढली, जागा वाढेना, म्हणून मजल्यांवर मजले चढले. इथली घरं मान वर करून बघा: सात-सात मजले, खिडक्यांच्या रांगा एकमेकींना चिकटलेल्या, कारण आत छत डोक्याला लागेल इतकं खाली. दरवाजे काढले गेले ते थेट १७९७ मध्ये, नेपोलियनचं सैन्य आल्यावर. चौकात बाकं आहेत. गुडघ्याला पहिली विश्रांती इथे द्या.

बसल्या बसल्या चौकातल्या दगडी विहिरींकडे बघा. गावात जिथे जिथे चौक, तिथे तिथे असा कोरीव कठडा आणि वर लोखंडी झाकण. सगळे त्याला टेकून फोटो काढतात, पण ती आपल्या अर्थाने विहीर नव्हेच. खाऱ्या खाडीत खणून गोडं पाणी लागणार कुठून? चौक खोल खणायचा, तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा थर द्यायचा म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही, मध्ये विटांची नळी उभी करायची आणि बाकी सगळी जागा वाळूने भरायची. वरून फरसबंदी. फरशीला उतार देऊन त्यात भोकं ठेवलेली असतात; पाऊस पडला की पाणी भोकांतून वाळूत, वाळूतून गाळून नळीत. म्हणजे तुम्ही ज्या चौकात बसल्या आहात तो चौकच एक मोठी गाळणी आहे. १८८४ मध्ये मुख्य जमिनीवरून नळाने पाणी आलं आणि ह्या विहिरींना झाकणं बसली. आज चौकाचौकांत जे लोखंडी नळ सतत वाहताना दिसतील त्यांचं पाणी बिनधास्त प्या. बाटली नेली की झालं.

गेट्टोच्या मागे एका लाकडी-लोखंडी पुलावरून उतरलात की लांबलचक, सरळ, उन्हाचा काठ लागतो: ओर्मेझीनी आणि पुढे मिझेरिकोर्दिया. काठाच्या अशा रस्त्याला फोंदामेंता म्हणतात. व्हेनिसमध्ये गुडघ्याला जपून चालायचं तर फोंदामेंता शोधाव्या, कारण त्या पाण्याला समांतर जातात. आडव्या गल्ल्या पाण्याला छेदतात आणि पूल मागतात. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मे पूल वाचतील. इथे धुणं वाळत असतं, भाजीची होडी लागलेली असते, शाळेची मुलं येत-जात असतात. पलीकडच्या काठावर, कांपो देई मोरी नावाच्या चौकाजवळ, चित्रकार तिंतोरेत्तोचं घर आहे आणि कोपऱ्यावर लोखंडी नाकाचा एक दगडी पुतळा. त्या नाकाला हात लावला की नशीब उघडतं म्हणे. मी लावला होता. बॅगेचं चाक त्याच्या आधीच गेलं होतं.

तिथून परत स्त्राडा नोव्हावर या आणि सांता सोफियाच्या धक्क्याची पाटी शोधा. ह्या जागेसाठी तर मी तुम्हाला हा रस्ता सांगतेय. ग्रँड कॅनॉलवर पूल फक्त चार. मध्ये जिथे पूल नाही तिथे लोक काय करतात? कोकणात खाडीवर करतात तेच: तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, पकडतात. इथे तरीला त्राघेत्तो म्हणतात. जुनी, साधी, रुंद गोंडोला, दोन वल्हेकरी, पाहुण्यांना दोन युरो. चार माणसं जमली की सुटते आणि दोन मिनिटांत पलीकडे. गावचे लोक उभ्याने जातात. तुम्ही खुशाल बसा. नव्वद युरोंच्या गोंडोलेची हौस यजमानांच्या यादीत असणारच. अर्ध्या तासाचा दिवसाचा सरकारी दर तेवढा आहे, संध्याकाळी सातनंतर एकशे दहा. तो अख्ख्या होडीचा, माणशी नव्हे, हे ठाऊक असू द्या. हौस असेल तर जरूर करा, लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत. पण दोन युरोंचं पाणीही तेच आहे.

त्राघेत्तो तुम्हाला उतरवते ती रिआल्तोच्या बाजारात. मासळीबाजार कमानींच्या जुन्या धाटणीच्या इमारतीत भरतो. रविवार-सोमवार बंद, आणि दुपार झाली की आवराआवर. तेव्हा वार बघून जा आणि सकाळी अकराच्या आत पोचा. तुम्हाला मासे कळतात, तुम्हाला तिथून हलवणं कठीण जाईल. हाच तो भाग जिथे मलबारच्या मिरीचे भाव ठरायचे. मिरी अरबी जहाजांतून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसच्या गलबतांतून इथे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला ही बातमी पोचल्यावर ह्या पेठेत काय वाटलं असेल त्याची कल्पना करा. शेजारी रिआल्तोचा दगडी पूल, १५९१ सालचा. पायऱ्या रुंद आणि बसक्या आहेत, पण आजच्या पुलांच्या हिशेबात बसत नसेल तर खालूनच बघा. खालूनच तो जास्त शोभतो.

तिथून फ्रारीच्या चर्चला चालत जा, दहा-पंधरा मिनिटं. आत पायऱ्या नाहीत, बसायला जागा आहे आणि समोर चित्रकार तिशियनचं १५१८ सालचं प्रचंड चित्र, ज्या जागेसाठी काढलं त्याच जागेवर. चित्रं बघायची ही एकच जागा मी सांगेन. मग सान तोमाच्या धक्क्यावरून बोट आणि खोलीवर. पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सान मार्को, पण सकाळी सातला. दहानंतरचा सान मार्को मला कुणी फुकट दिला तरी नको. पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा. एक नंबरची लाँच ग्रँड कॅनॉलमधून सगळे थांबे घेत जाते, पाऊण तास लागतो, आणि पुढच्या उघड्या खुर्च्या मिळाल्या तर दोन्ही काठांचे वाडे बसल्या जागी बघून होतात. यादीतली पाच-सहा नावं इथेच खोडता येतील. चौकातल्या घंटाघराला लिफ्ट आहे. ते १९०२ मध्ये कोसळलं आणि १९१२ मध्ये होतं तसं पुन्हा बांधलं. चौकात पायऱ्यांवर बसू नका, डबा उघडू नका. दोन्हींना दंड आहे. मी दशमीचा पहिला घास तोंडात घातला आणि गणवेशातली एक मुलगी येऊन उभी राहिली. घास तसाच गिळला. डबा खायचाच असेल तर गुल्ये पुलाजवळ सावोरन्यान नावाची बाग आहे, तिथे कुणी बोलत नाही.

चौकातून पाण्याकडे जाताना उजव्या हाताला ग्रंथालयाची लांब इमारत आहे आणि तिला लागून पाण्यावर तोंड असलेली, खडबडीत दगडांची दुसरी. ही झेक्का, व्हेनिसची टांकसाळ. ताई, तुमच्याकडे सासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे का? असेल तर जाण्याआधी तिच्यातली पुतळी एकदा निरखून बघा. व्हेनिसने १२८४ पासून पाचशे वर्षं एकाच वजनाचं, एकाच छापाचं सोन्याचं नाणं पाडलं: एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, मध्ये ध्वजाची काठी. ही नाणी मसाल्याच्या मोबदल्यात आपल्या किनाऱ्यावर आली, सोनं चोख म्हणून लोकांनी गळ्यात घातली, आणि आकृत्यांवरून तिचं नाव पुतळी पडलं असं नाणी जमवणारे सांगतात. पुढे आपल्या सोनारांनी तोच छाप आपल्या पद्धतीने उठवला आणि संताचा, राजाचा काहीबाही होऊन गेला.

झेक्का आता शेजारच्या मार्चाना ग्रंथालयाचाच भाग आहे. त्या ग्रंथालयात मनुचीने हिंदुस्थानातून पाठवलेल्या हस्तलिखितांपैकी काही आहेत. शिवकालाचं वाचलं असेल तर हे नाव ओळखीचं असेल. व्हेनिसचा हा पोरगा चौदा-पंधराव्या वर्षी जहाजावर लपून घरून पळाला, फिरत फिरत मोगलांच्या चाकरीत पोचला, आणि १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत आपण शिवाजी महाराजांशी बोललो असं त्याने लिहून ठेवलं. यजमान इतिहासाचे असतील तर यादीत अठरावं ठिकाण म्हणून हे घालतील. बाहेरून बघायला पूल लागत नाही, परवानगी द्या.

दुपारी झातेरे. गावाच्या दक्षिणेचा लांब काठ, समोर जुदेक्काचं बेट, चालायला सरळ आणि बसायला भरपूर. तुम्ही तुमचे किलोमीटर इथे पूर्ण करा, यजमानांना कॉफी घेऊन बसू दे. कॉफी उभ्याने, गल्ल्यापाशी प्यायली तर तिचा दर एक असतो, टेबलाशी बसलं की दुसरा. गुडघ्यासाठी दुसरा द्या. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग पाचलाच अंधार पडतो. त्या हिशेबाने चारलाच झातेरेवर असा.

वाट चुकाल. घरांचे नंबर गल्लीवार नसून वस्तीवार आहेत, एकेका वस्तीत पाच-सहा हजारांपर्यंत, त्यामुळे पत्ता विचारण्यात अर्थ नाही. अरुंद गल्लीत फोनचा नकाशाही गोंधळतो आणि एखाद्या वेळी थेट पाण्याशी नेऊन सोडतो. भिंतींवर कोपऱ्याकोपऱ्यांत ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ अशा पाट्या असतात, बाणासह. त्या धरा. पाण्याशी गल्ली संपली तर वैतागू नका, मागे फिरा. अशा टोकाला सहसा कुणी नसतं आणि बसायला एखादी पायरी असते. फक्त तिच्यावर शेवाळं नाही ना ते बघून बसा.

भरतीचं सांगायला हवं, कारण तुम्ही नेमक्या त्या हंगामात जाताय. शरदापासून हिवाळ्यापर्यंत कधी कधी समुद्र गावात येतो. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ सेंटिमीटरची भरती आली होती. २०२० पासून खाडीच्या तोंडाशी उचलते दरवाजे काम करतात, मोठी भरती असली की ते वर येतात. पण सान मार्को इतका सखल आहे की दरवाजे उचलायची वेळ न येणाऱ्या लहान भरतीलाही तिथे पाऊलभर पाणी साचतं. मग लाकडी फळ्यांचे मार्ग घालतात. पाणी काही तासांत ओसरतं. यजमानांना फळ्यांवरून गर्दीत नेऊ नका, तेवढा वेळ कान्नारेज्योतच काढा. दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क असतं. आजवर ते वसंत-उन्हाळ्यातच घेतलं गेलंय आणि रात्री मुक्काम करणाऱ्यांना माफ आहे. मुलाला जाण्याआधी एकदा बघून ठेवायला सांगा.

जेवणात तुमची चैन आहे. सार्दे इन सावोर मागवा: तळलेले तारलीसारखे मासे, वर व्हिनेगरमध्ये शिजवलेला कांदा, बेदाणे आणि पाइनचे दाणे. टिकावं म्हणून खलाशांनी काढलेली युक्ती, आपल्या मुरवलेल्या माशांच्या गोत्रातली. यजमानांचं जरा जपून. तिथे बिगोली नावाच्या जाड शेवया मिळतात, ‘इन साल्सा’ असं लिहिलेलं दिसतं आणि माणूस टोमॅटोचा रस्सा समजून मागवतो. त्या साल्सात कांद्याबरोबर खारवलेले मासे विरघळवलेले असतात. दिसतही नाहीत. पोलेंता म्हणजे मक्याची उकड, भाजलेल्या भाज्या, अंड्याचं चालत असेल तर त्रिकोणी सँडविचं. पिझ्झा तर आहेच. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’ हे दोन शब्द पाठ करून घ्या: मांस नको, मासे नकोत. आणि चटणी न्या, हे मी नाशिककरांना सांगणं बरं नव्हे.

राहिली साडी. नेसा की. सान मार्कोच्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तिथे अर्ध्या गर्दीला दारातून परत फिरवतात आणि तुम्ही सरळ आत जाल. सुती नेसा, निऱ्या बोटभर वर घ्या आणि खाली रबरी तळाचे बूट. पुलांच्या पायऱ्यांना कडेने पांढऱ्या दगडाची पट्टी असते, शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. पाऊस पडून गेला की तिच्यावर पाय देऊ नका, मधल्या काळ्या दगडावर द्या. यजमानांनाही तेच सांगा.